तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसातून आल्यावरचं रसम

जेवायला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "मराठी असून रसम असं कसं जमतं हो? तेही ऑफिसातून आल्यावर?" विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या खास मसाल्याचं नाव हवं असतं. पण मी मसाला करतच नाही.

माझं सासर तंजावरचं. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, रसमपूड घरीच करतात. धणे, तूरडाळ, मिरी, जिरं, सुक्या मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजून. मी चमचाभर मिरी, तेवढंच जिरं आणि चार लसणाच्या पाकळ्या सालासकट खलबत्त्यात ठेचते, झालं. डाळही वेगळी शिजवत नाही, वरणाच्या डाळीवरचं पाणी काढून घेते.

घाई करायची ती इथे. चिंचेपाशी नाही. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, एक टोमॅटो, हळद, हिंग, मीठ घालून कच्चा वास जाईपर्यंत उकळायचं. घड्याळ बघू नका, वास घ्या. मग ठेचा आणि डाळीचं पाणी घालून तिथेच उभं राहायचं. कडेने फेस धरतो, हळूहळू मधे सरकतो. तो मधे मिळाला की गॅस बंद. खळखळून उकळलंत तर मिरीचा सगळा वास वाफेबरोबर जातो. वरून तुपात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि कोथिंबीर.

अम्मा हे सगळं ईयच्चोंबूत करतात. हे कथलाचं भांडं. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून आधी आत पाणी, मगच खाली जाळ. त्यांच्या मते खरी चव त्या भांड्याची. मला स्टीलच्या पातेल्यातल्या रसमात फरक कळत नाही, पण हे मी तंजावरात बोलत नाही.

उन्हाळ्यात चिंचेऐवजी आमसुलं भिजवून घालते. त्यांना चिंचेइतकं उकळावं लागत नाही, आणखी वेळ वाचतो. अम्मा ते दोन वाट्या पितात, फक्त त्याला रसम म्हणत नाहीत.

आणि गूळ? नाही घालत. माहेरच्या आमटीत चिंचेबरोबर गूळ पडतोच, तो हात इथे आवरते. पातेल्यात नाही, म्हणजे. माझ्या वाटीत वरून चिमूटभर पडतो, त्याला कुणाची हरकत नसावी.