टॉर्ककडून स्लर्मकडे : घरच्या क्लस्टरची तिसरी नोंद

प्रत्येकी 4 कोअर आणि 16 जीबी मेमरी असलेले तीन जुने कार्यालयीन डेस्कटॉप व त्यांच्यावर देखरेख करणारे एक मुख्य यंत्र असा माझा संच (क्लस्टर) आजवर टॉर्कवर, म्हणजे यंत्रांना कामे किंवा ‘जॉब’ वाटून देणाऱ्या प्रणालीवर, चालत होता, आणि घाटमाथ्यावरील पावसासाठी डब्ल्यूआरएफ हे हवामान प्रारूप चालवण्यापुरता तो पुरेसाही होता. मात्र 2018 पासून टॉर्कच्या नव्या आवृत्त्या मुक्तस्रोत राहिल्या नाहीत, आणि प्रत्येक नव्या लिनक्सवर जुनी आवृत्ती झगडून कंपाइल करण्याचा माझा उत्साहही मावळला, म्हणून या महिन्यात संच स्लर्म या तशाच दुसऱ्या प्रणालीवर नेला. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकावरही स्लर्मच असल्याने तिथे काम केलेल्या मित्रांकडून स्क्रिप्ट उसन्या मिळतील, हा स्वार्थ होताच.

आज्ञा बदलणे हे एका संध्याकाळचे काम ठरले. जॉब पाठवायला क्यूसबच्या जागी एसबॅच, रांग पाहायला क्यूस्टॅटच्या जागी एसक्यू आणि जॉब रद्द करायला क्यूडेलच्या जागी एसकॅन्सल आले. टॉर्कमध्ये जॉब घरच्या डिरेक्टरीत सुरू होत असल्यामुळे प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लिहावी लागणारी डिरेक्टरी बदलण्याची ओळही गेली, कारण स्लर्म जॉब जिथून पाठवला तिथेच सुरू करतो.

यंत्रांची एकमेकांना ओळख पटवून देणाऱ्या मंजने मात्र एक दिवस घेतला. सर्व यंत्रांवर एकच किल्ली ठेवून आणि तिच्या परवानग्या नीट लावूनही तिसरा नोड, म्हणजे तिसरा डेस्कटॉप, मुख्य यंत्राशी बोलेना. वीज गेल्यानंतर त्याचे घड्याळ मागे पडत होते, कारण मदरबोर्डवरचा सेल संपला होता, आणि मंजचे ओळखपत्र मूळ मांडणीत केवळ 300 सेकंदच ग्राह्य धरले जाते. सेल बदलून घड्याळे जुळती ठेवणारे क्रोनी बसवल्यावर तक्रार थांबली.

खरा घोळ मेमरीचा झाला. मांडणीच्या फायलीत मी प्रत्येक नोडची मेमरी 16384 एमबी लिहिली होती, परंतु नोडवर चालणाऱ्या स्लर्मडी या स्लर्मच्या सेवेला विचारल्यावर त्याहून थोडी कमी दिसली, आणि सांगितल्यापेक्षा मेमरी कमी आढळताच स्लर्मने तिन्ही नोड ड्रेन स्थितीत, म्हणजे नवे जॉब न देण्याच्या स्थितीत, टाकले. तो आकडा 15500 वर आणून नोड पुन्हा सुरू केले, तेव्हा दुसरेच कोडे समोर आले: एका कोअरचा एक जॉब चालू असताना त्याच नोडवर दुसरा जॉब शिरेना आणि एसक्यूमध्ये कारण म्हणून केवळ ‘रिसोर्सेस’ दिसे. तीन कोअर डोळ्यांसमोर रिकामे बसलेले पाहून मी दोन रात्री जॉबचा क्रम ठरवणाऱ्या शेड्यूलरलाच दोष देत होतो. अखेर नोडचा तपशील काढल्यावर दिसले की एकाच कोअरच्या त्या जॉबच्या नावावर नोडची सगळी मेमरी लागली होती. मी कोअरबरोबर मेमरीचीही मोजदाद करणारा पर्याय निवडला होता, आणि जॉबने मेमरी मागितली नसेल व मूळ वाटाही ठरवलेला नसेल, तर स्लर्म त्याला संपूर्ण नोडची मेमरी देतो. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मेमरीची मागणी कधीच नव्हती, कारण टॉर्कवर ती लिहिण्याची वेळ आली नव्हती. प्रत्येक कोअरला 3500 एमबी असा मूळ वाटा लिहिल्यावर चारही कोअर भरू लागले.

वेळेच्या मर्यादेतही अशीच एक गफलत दडलेली होती. टॉर्कमध्ये नुसता 7200 लिहिला की तो सेकंदांत, म्हणजे दोन तास, मोजला जातो. स्लर्ममध्ये तोच आकडा मिनिटांत मोजला जाऊन पाच दिवस होतो. जॉब बंद पडत नसल्याने ही चूक लक्षात येत नाही, पण शेड्यूलरची बॅकफिल ही सोय याच मर्यादेवर विसंबून मोठ्या जॉबच्या आधीच्या फटीत लहान जॉब बसवतो, त्यामुळे पाच दिवसांचा दावा करणारा दोन तासांचा जॉब रांगेत ताटकळत राहिला. आता मी तास, मिनिटे व सेकंद पूर्ण लिहितो.

डब्ल्यूआरएफच्या पायऱ्यांची साखळी ‘आफ्टरओके’ (आधीचा जॉब यशस्वी झाला तरच पुढचा) या त्याच जुन्या शब्दावर चालते, मात्र आधीची पायरी अपयशी ठरली तर पुढचा जॉब रांगेतच लटकून राहतो. तो आपोआप काढून टाकणारा पर्याय वेगळा लावावा लागला. मारियाडीबी या डेटाबेसवर जॉबच्या हिशेबाची नोंद ठेवणारे स्लर्मडीबीडी अजून बसवायचे आहे, आणि तोवर जुना टॉर्क मुख्य यंत्रावर बंद अवस्थेत ठेवला आहे.