सायकल दोन लाखांची, कुलूप दोनशेचं

पुण्यातले माझे निम्मे मित्र हल्ली पहाटे खडकवासल्याला नाहीतर बोपदेव घाटात सायकल मारत असतात. सायकली कार्बन फ्रेमच्या, स्कूटरपेक्षा महाग. आणि घरी आल्यावर त्या उभ्या कुठे, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाइपला बारीक केबल लॉक लावून. वॉचमन आहे की!

इथे इंग्लंडमध्ये मी घरातल्या सामानाचा विमा उतरवायला बसलो तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळ एका सायकलीपायीच गेला. एकूण सामानाला हजारो पौंडांचं संरक्षण असलं, तरी एकेका वस्तूला वेगळी मर्यादा असते. सायकल त्याहून महाग असेल तर तिचं नाव आणि किंमत पॉलिसीत स्वतंत्र लिहून घ्यावी लागते. घराबाहेर चोरीला गेली तर काय, हा पुन्हा निराळा प्रश्न, आणि त्याचे पैसे निराळे. शर्यतीत मोडली तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. गंज, झीज, घासलेली चेन हे अर्थातच आपलं आपण बघायचं.

बागेतल्या शेडमध्ये ठेवलेल्या वस्तूंची मर्यादा बहुधा घरातल्यापेक्षा कमी. गोल्फच्या काठ्या, क्रिकेटचं किट, सगळं त्यातच आलं. चोर कुलूप तोडून आत शिरल्याची खूणही दिसावी लागते. दार उघडं राहिलं असेल तर दावा अडतो.

मला खरी गंमत वाटली ती कुलपांची. 'सोल्ड सिक्युअर' नावाची इथली संस्था चोरांची हत्यारं वापरून कुलपं तोडून बघते आणि दर्जा देते: ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. सायकलीची किंमत जितकी जास्त, तितकं वरच्या दर्जाचं कुलूप विमा कंपनी मागते. शिवाय ते जागेवरून हलणार नाही अशा वस्तूला, फ्रेममधून ओवून लावलेलं हवं. नुसत्या चाकातून लावलं तर चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेतो. माझं कुलूप एवढं जड आहे की हलकी सायकल घेण्यात अर्थ काय, असं बायको विचारते. प्रश्न रास्त आहे.

सायकल उलटी केली की पेडलच्या मधोमध, बॉटम ब्रॅकेटखाली, एक नंबर कोरलेला असतो. तो बहुतेक सायकलींवर असतो, पुण्यातल्यासुद्धा. इथे तो 'बाइकरजिस्टर'वर नोंदवता येतो आणि सापडलेली सायकल कुणाची हे पोलिस तिथे पाहतात. आपल्याकडे निदान त्या नंबराचा फोटो, सायकलीचा फोटो आणि बिल ईमेलवर ठेवा. दुकानातलं थर्मल कागदाचं बिल वर्षभरात कोरं होतं.

मावसभावाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, सोसायटीचा विमा आहे ना!" अरे, तो इमारतीचा. तुझ्या सायकलीशी त्याचा संबंध नाही.

बरं, घराचा विमा स्वतः घेतला तरी कागद वाचा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि ती चांगली आहे. घरासोबत सामानालाही आपोआप इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण मिळतं. पण तिचा पाया आग, पूर, भूकंप असा आहे. चोरी त्यात येते ती अशी एखादी आपत्ती घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेताना एजंटला एवढंच विचारा: पार्किंगमधली सायकल धरणार का? उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या. बहुतेक वेळा घरफोडीचं कव्हर कुलूपबंद घरापुरतं असतं, आणि पार्किंग म्हणजे काही तुमचं घर नव्हे.

चोरी झालीच तर पोलिसांकडे ऑनलाइन 'हरवल्याची' नोंद करून थांबू नका, चोरीचा एफआयआर करा. कंपनीलाही लगेच कळवा.

आणि हो, लिफ्टमध्ये मावत असेल तर सायकल सरळ वर घरात आणा. आई चार दिवस बडबडेल.