नव्या शाळेची हद्द कोठून जाणार?

कोल्हापुरात मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हे घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. शिवाजी पेठेतले मूल राजारामपुरीच्या शाळेत जाते, फुलेवाडीचे ताराबाई पार्कात येते, आणि दोन्ही बाजूंना दप्तरे लटकवलेल्या रिक्षा रोज सकाळी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतात. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांग धरणारे पालक काही सगळे जरगनगरचेच नसतात. अमेरिकेत सरकारी शाळेपुरता हा मामला उलटा आहे. येथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते, घर ज्या हद्दीत पडते ती शाळा मुलाला आपोआप मिळते, तिला शुल्क नसते, पिवळी बस बहुधा कोपऱ्यावर येऊन उभी राहते, आणि एरवी या व्यवस्थेकडे कोणाचे फारसे लक्षही जात नाही. नवी शाळा बांधून होत आली की मात्र सगळ्यांचे डोळे त्या नकाशाकडे लागतात.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रॅले शहर ज्या वेक काउंटीत येते तिच्या शेजारच्या एका काउंटीत राहतो; काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. या पट्ट्यात १९५९ साली रीसर्च ट्रँगल पार्क हे संशोधन संस्थांचे आणि कंपन्यांचे मोठे संकुल सुरू झाले, त्यामागोमाग औषधांच्या आणि संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि तंबाखूची शेते व पाइनची राने मोडून वसाहतींमागून वसाहती उठल्या. त्यांत मराठी घरेही आहेत. गणपतीच्या आरतीला कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची माणसे हमखास भेटतात. घरे वाढली की पटसंख्या वाढते, शाळेच्या मैदानात तात्पुरत्या वर्गखोल्या उभ्या राहतात, जेवणाच्या सुट्टीच्या इतक्या पाळ्या कराव्या लागतात की काही मुलांना साडेदहालाच डबा उघडावा लागतो, आणि मग कर्जरोखे काढून नवी इमारत बांधण्याचा ठराव मतदारांपुढे येतो. त्या ठरावाला मत देताना नवी शाळा सगळ्यांनाच हवी असते. तिच्यात कोणाची मुले जाणार, हा प्रश्न निघाला की एकमत संपते.

आमच्याकडे या वेळी हायस्कूल उघडायचे होते, म्हणजे नववी ते बारावीची शाळा. हद्दी ठरवण्याचे काम लोकांनी निवडून दिलेल्या शालेय मंडळाकडे असते. मंडळाचे अधिकारी काउंटीचे लहान लहान तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात आज कोणत्या इयत्तेची किती मुले आहेत आणि मंजूर झालेल्या बांधकामांमधून पुढच्या काही वर्षांत किती येतील याचा अंदाज बांधतात, आणि मग ते तुकडे असे जोडतात की नवी शाळा भरावी आणि जुनी ओसंडू नये. पहिला आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती येतात, दुसरा आराखडा येतो, जनसुनावणी होते, आणि शेवटी मंडळ मतदान करते. कागदावर हे सरळ दिसते. अडचण अशी की ज्या निकषांवर हे करायचे ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. प्रत्येक मुलाला जवळची शाळा द्यायची म्हटले तर दोन-तीन वर्षांपूर्वी हलवलेली वसाहत पुन्हा हलवावी लागते, आणि कोणालाच हलवायचे नाही म्हटले तर नव्या इमारतीतले वर्ग रिकामे राहतात.

शिवाय नवी शाळा फक्त तिच्या शेजाऱ्यांनाच हलवत नाही. ती जवळच्या शाळेतली मुले घेते, त्या शाळेत जागा झाली की तिसऱ्या गर्दीच्या शाळेतली काही मुले तेथे आणली जातात, आणि अशा रीतीने नव्या शाळेची इमारत ज्यांनी कधी पाहिलेलीही नाही अशा कुटुंबांना एक दिवस मेल येतो की तुमच्या मुलाची शाळा बदलण्याचे प्रस्तावित आहे. आमच्या काउंटीत सर्वांत जास्त संताप या लोकांचा होता, आणि मला तो समजण्यासारखा वाटला.

पहिल्या आराखड्यात हद्दीची रेघ आमच्या रस्त्याच्या मधोमध गेली होती. आमची बाजू नव्या शाळेत, समोरची जुन्या. त्या वेळी माझी आई कोल्हापूरहून आली होती. तिने टॅबलेटवरचा नकाशा बोटाने मोठा करून पाहिला, आमचे घर शोधले, समोरच्या घरावर बोट ठेवले आणि म्हणाली, “एकाच गल्लीत दोन शाळा? ही तर भाऊबंदकीच झाली की.” समोरच्या घरातली मुलगी आणि माझी मुलगी बालवाडीपासून एका बसने गेलेल्या आहेत, आणि आता त्यांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या बसमध्ये बसावे लागणार होते. हद्दवाढीचा वाद ऐकत मोठ्या झालेल्या कोल्हापूरकराला हा कलह फार परका वाटू नये. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्दीचा प्रश्न लोंबकळतो आहे. तेथेही विरोध नकाशाला नसतो, रेघ ओलांडल्यावर पदरात काय पडणार आणि हातचे काय जाणार याला असतो.

पालकांच्या काळज्यांपैकी पुष्कळ अगदी खऱ्या आहेत. धाकटा नव्या शाळेत आणि थोरली जुन्या शाळेत गेली तर दोन वेळापत्रके, दोन पालकसभा आणि संध्याकाळच्या दोन फेऱ्या सांभाळाव्या लागतात. अकरावीचे वर्ष येथे महाविद्यालयीन प्रवेशाच्या दृष्टीने कळीचे मानले जाते, आणि नेमके त्याच वर्षी मुलाला ओळखणारे शिक्षक, वाद्यवृंद, वादविवादाचा संघ हे सगळे सुटते. ज्या मुलांना शिकण्यासाठी विशेष साहाय्य लागते त्यांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे एका शाळेशी जुळवून घेतलेले असते, आणि नव्या ठिकाणी त्यांना पहिल्यापासून सगळे समजावून सांगावे लागते. मिडल स्कूलच्या, म्हणजे हायस्कूलच्या आधीच्या शाळेच्या, एका मोठ्या तुकडीतून मूठभर मुलेच वेगळ्या हायस्कूलला जावीत, अशी शेपटी काही ठिकाणी नकाशाला उरते. त्या मूठभर मुलांचे हाल मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत वाईट वाटतात, कारण अशी शेपटी केवळ आकडा जमवण्यासाठी राहते आणि कोणी ओरडले नाही तर तशीच मंजूर होते.

पण या काळज्यांच्या आडून दुसरीही एक काळजी बोलत असते, आणि ती घराच्या भावाची आहे. येथे घर विकताना जाहिरातीत शाळेचे नाव असते, संकेतस्थळांवर त्या शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात, आणि नऊ गुणांच्या शाळेच्या हद्दीतले घर तसल्याच पाच गुणांच्या हद्दीतल्या घरापेक्षा महाग असते. हे गुण बरेचसे परीक्षांच्या निकालांवर अवलंबून असतात आणि निकालांचे आईवडिलांच्या कमाईशी फार जवळचे नाते असते, त्यामुळे गुणांवरून शाळा कशी शिकवते याच्यापेक्षा तिच्या हद्दीत कोण राहते हेच जास्त कळते. नव्या शाळेला तर गुणच नसतात. ज्याने तीस वर्षांचे कर्ज काढून नऊ गुण विकत घेतले, त्याला तेथे शून्य नव्हे तर कोरा रकाना दिसतो, आणि तो कोरा रकाना त्याला शून्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

यात आपली माणसे मागे नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. आम्ही भारतीय पालकांनी घर घेताना स्वयंपाकघर नंतर आणि शाळेचे गुण आधी पाहिलेले असतात. त्यातून निम्मे लोक संगणक अभियंते, त्यामुळे पहिला आराखडा जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत व्हॉट्सअॅपच्या गटावर मंडळाच्या नकाशापेक्षा देखणे पर्यायी नकाशे फिरू लागले. कोणी बसचे अंतर मोजले होते, कोणी चौकातल्या वाहतुकीचे कोष्टक केले होते. त्या सगळ्या नकाशांमध्ये एक गोष्ट समान होती: ज्याने नकाशा काढला त्याची वसाहत जेथल्या तेथे राहत होती.

जनसुनावणी जुन्या हायस्कूलच्या सभागृहात झाली. महापालिकेची सर्वसाधारण सभा पाहिलेल्या माणसाला ती शांतता चमत्कारिक वाटते. बोलू इच्छिणाऱ्याने आधी नाव नोंदवायचे, प्रत्येकाला तीन मिनिटे, समोर एक लहान दिवा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो, लाल झाला की ध्वनिक्षेपक सोडून निघायचे. मंडळाचे सदस्य उत्तर देत नाहीत, फक्त ऐकतात आणि टिपून घेतात. एका वसाहतीने सगळ्यांसाठी एकाच रंगाचे टी-शर्ट छापून आणले होते आणि चार ओळी भरून ते बसले होते. वाहतूक, धोकादायक वळण, मुलांच्या मनावरचा ताण, मैत्री, परंपरा, सगळ्यांवर लोक बोलले. घराच्या भावाचे नाव एकानेही काढले नाही. दहावीतला एक मुलगा मात्र लिहून आणलेला कागद खिशात घालून म्हणाला, “मला नव्या शाळेत जायला आवडेल, कारण या शाळेत मला बास्केटबॉलच्या संघात कधीच घेणार नाहीत.” सभागृह हसले. त्या संध्याकाळी सगळ्यात सरळ बोललेला तोच होता.

शाळेच्या हद्दीबद्दल या राज्यात लोक इतके जपून का बोलतात, याला इतिहास आहे. याच नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराच्या खटल्यात १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी त्यांना बसने दूरच्या शाळांत नेण्यास मान्यता दिली. शेजारच्या वेक काउंटीत १९७६ साली शहराच्या आणि भोवतालच्या भागाच्या शाळा एकाच व्यवस्थेखाली आणल्या गेल्या, आणि २००० पासून तेथे वंशाऐवजी उत्पन्न पाहून, सवलतीचे जेवण घेणारी मुले कोणत्याच शाळेत ४० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नयेत असे धोरण होते. २००९ च्या निवडणुकीत मंडळातले बहुमत बदलले आणि पुढच्या वर्षी ते धोरण सोडून देण्यात आले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला, हे आपण लहानपणी जयंतीच्या भाषणांत पाठ म्हणतो; कोण कोणाशेजारी बसणार हा प्रश्न हुकमाने एकदाच सुटत नाही, प्रत्येक नव्या नकाशाबरोबर तो पुन्हा पुढ्यात येतो, हे मला येथे आल्यावर उमगले.

सुनावणीत स्पॅनिश दुभाषाची सोय केली होती. त्याच्या जवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आमच्या वसाहतीच्या मागे महामार्गालगत भाड्याच्या घरांच्या इमारती आहेत; तेथली मुले गेल्या काही वर्षांत एका शाळेतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत गेली आहेत, कारण एकाच ठिकाणी दाट मुले असल्यामुळे आकडा जमवायला तो तुकडा फार सोयीचा असतो आणि तेथून हरकत घ्यायला कोणी येत नाही. उपाहारगृहात संध्याकाळची पाळी करणाऱ्या आईने साडेसहाच्या सुनावणीला यायचे तरी कसे? बारावीत जाणाऱ्या मुलांना जुन्याच शाळेत राहण्याची सवलत मंडळाने उदारपणे दिली, पण त्या मुलांना बस मिळणार नाही असेही त्याच परिच्छेदात लिहिले. घरात दुसरी गाडी असेल त्यालाच ती सवलत वापरता येते. माझी खरी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे, आणि ती मी मंडळाला लेखी कळवली. उत्तर नम्र आले आणि नियम तसाच राहिला.

अंतिम नकाशात आमचा रस्ता अखंड ठेवून दोन्ही बाजू नव्या शाळेला दिल्या. टी-शर्टवाली वसाहत जुन्या शाळेत राहिली. महामार्गालगतच्या इमारती पुन्हा हलल्या.

नवी शाळा पहिल्या वर्षी बारावीच्या मोजक्याच मुलांनिशी उघडते आहे, त्यामुळे खेळांच्या संघांत मोठी मुले फारशी नसतील आणि पहिले काही सामने बहुधा हरण्यातच जातील, पण नाटकात आणि वाद्यवृंदात नववीच्या मुलांनाही पुढे जागा मिळेल. शाळेचे रंग आणि बोधचिन्ह मुलांच्या मतदानाने ठरले. मुख्याध्यापिकाबाईंनी बांधकाम चालू असतानाच पालकांची बैठक घेतली, जुन्या शाळेतले कोणते शिक्षक येणार ते नावानिशी सांगितले, आणि त्या एका संध्याकाळी व्हॉट्सअॅपवरचा निम्मा गोंधळ शमला.

महाराष्ट्रातही पत्त्याचे महत्त्व वाढते आहेच. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांसाठी अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करावी लागते आणि शाळेपासूनच्या अंतरावरून मुलाचे प्राधान्य ठरते. २०२४ साली राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देण्याचा बदल केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, तेव्हा आमच्या गटावर कोल्हापूरच्या भावंडांचे निरोप आणि येथल्या नकाशांचे निरोप एकाखाली एक येत होते.

ज्यांची मुले-सुना इकडे घर घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी त्यांना एवढे जरूर सांगावे की घर दाखवणाऱ्या दलालाच्या सांगण्यावरून शाळा गृहीत धरू नये. शालेय मंडळाच्या संकेतस्थळावर पत्ता घालून स्वतः पाहावे, ती शाळा भरल्यामुळे नव्या मुलांना दुसरीकडे पाठवत नाहीत ना ते फोन करून विचारावे, आणि आसपास कोठे शाळेसाठी जमीन घेतली आहे याची चौकशी करावी. घराच्या जाहिरातीत सर्वांत खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की शाळेची खात्री खरेदीदाराने स्वतः करून घ्यावी.