फळांची तिकिटं: आंबा पन्नास पैशांचा, संत्री सव्वातीन रुपयांची

फळं हा विषय घेऊन टपाल तिकिटं जमवायची म्हटलं की बहुतेकांची सुरुवात परदेशी रंगीत पाकिटापासून होते. जत्रेत किंवा प्रदर्शनात शंभर तिकिटांचं पाकीट मिळतं: अननस, किवी, स्ट्रॉबेरी, सगळं चकचकीत. त्यातली बरीच तिकिटं 'शिक्का मारून विकलेली' असतात. ओळखायची खूण सोपी. तिकीट उलटं करून बघा. मागचा गोंद जसाच्या तसा आणि पुढे एका कोपऱ्यात शिक्क्याचा बरोबर पाव भाग, असं दिसलं तर ते तिकीट कधी पत्रावर बसलेलंच नाही. शिकणाऱ्या मुलाला द्यायला ठीक, पण त्यावर पैसे घालू नयेत.

आपल्या टपाल खात्याची फळं जास्त अभ्यासण्यासारखी आहेत, आणि ती मुख्यतः रोजच्या वापराच्या, म्हणजे डेफिनिटिव्ह मालिकांमध्ये आहेत. 1965 ला सुरू झालेल्या मालिकेत 1967 चं 50 पैशांचं आंब्याचं तिकीट आहे, 1968 चं 4 पैशांचं कॉफीच्या फळांचं आहे. 1979 पासूनच्या शेती-विकासाच्या मालिकेत सव्वादोन रुपयांचा काजू, 2 रुपये 80 पैशांचं सफरचंद आणि सव्वातीन रुपयांची संत्री येतात. त्याच मालिकेत एक रुपयाचा संकरित कापूसही आहे. ते फळांच्या पानावर बसवावं का, यावर वाद घालता येतो. मराठवाड्याच्या संग्राहकाने ते गाळलेलं मात्र बरं दिसत नाही.

ही तिकिटं प्रचंड संख्येने छापली गेली. त्यामुळे सुटं, वापरलेलं आंब्याचं तिकीट दुर्मीळ मुळीच नाही, आणि कुणी 'अँटिक' म्हणून शेकड्यांत किंमत सांगितली तर पुढे चालू लागावं. किंमत असते ती तीन गोष्टींना: स्वच्छ दाते (तिकिटाची करवती कड), वाचता येणारा शिक्का, आणि तिकीट पत्राच्या मूळ पाकिटावरच असणं. सव्वातीनसारख्या मूल्याचं तिकीट पाकिटावर एकटंच बसलेलं दिसलं तर ते कधीही सोडवू नका. त्या पाकिटावरून त्या वेळचा दर, मार्ग, वजन असं बरंच कळतं. तिकीट सुटं केलं की उरतो रंगीत कागद. जालना, परभणी, लातूर, बीड अशा गावांचे पूर्ण गोल शिक्के असलेली फळांची तिकिटं हा तर स्वतंत्र उपसंग्रह होऊ शकतो, आणि जुन्या पेढ्यांच्या, आडत दुकानांच्या रद्दीत त्याचा माल अजून सापडतो.

एक चूक इथे वारंवार होते. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकनाची, म्हणून सव्वातीनचं तिकीट 'मोसंबी' म्हणून पानावर लावलं जातं. ते संत्र्याचं आहे. सैल सालीचं संत्रं आणि घट्ट सालीची मोसंबी या वनस्पतिशास्त्रात वेगळ्या जाती आहेत, आणि प्रदर्शनातला परीक्षक गुण कापतो तो नेमका अशा ठिकाणी.

आता भिजवून सोडवण्याचं काम. साधी, एक-दोन रुपयांची वापरलेली तिकिटंच सोडवावीत. तिकिटाभोवती साधारण एक सेंटिमीटर कागद ठेवून कापा. दात्यांच्या अगदी जवळून कात्री नेली की दाते जातात. लाल, गुलाबी, खाकी पाकिटाचे तुकडे वेगळ्या ताटलीत भिजवा, कारण त्यांचा रंग सुटून शेजारच्या तिकिटाला लागतो आणि तो परत निघत नाही. पाणी साधं, गार, दोन बोटं खोल. चित्राची बाजू वर ठेवून पंधरा ते वीस मिनिटं. तिकीट आपणहून सरकायला लागलं पाहिजे. ओढावं लागत असेल तर अजून भिजलेलं नाही. ओढलं तर कागदाचा पापुद्रा निघून मागे पातळ डाग पडतो, आणि उजेडासमोर धरलं की तो लगेच दिसतो. सुटल्यावर दुसऱ्या स्वच्छ पाण्यात मागचा गोंद बोटाने हलकेच पुसून काढा. गोंद राहिला तर तिकीट टिपकागदाला चिकटून बसतं.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात धुऊन वाळवलेल्या तिकिटावर पांढुरकी पुटं चढतात, गडद रंगावर जास्त. शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात करावं. वाळवणं म्हणजे टिपकागदावर, चित्र खाली. एप्रिल-मे मध्ये इथली हवा इतकी कोरडी की पंख्याखाली तिकीट दहा मिनिटांत नळी होतं. म्हणून पूर्ण वाळायच्या आत, किंचित दमट असतानाच, दोन टिपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली एक रात्र ठेवा.

स्वतःच चिकटणाऱ्या नव्या तिकिटांना ही कृती लागू होत नाही. अमेरिकेची अलीकडची फळं, म्हणजे 2016 ची द्राक्षं आणि पेअर, 2017 ची स्ट्रॉबेरी, पाण्यात घालून फायदा नाही. त्यांचा गोंद पाण्याने सुटत नाही. चारी बाजूंनी तीनेक मिलिमीटर कागद ठेवून सरळ कापावीत आणि तशीच लावावीत. ब्रिटनने 2003 ला काढलेल्या फळं-भाज्यांच्या पानासोबत डोळे, तोंड, टोप्यांचे स्टिकर होते, फळाला चेहरा करायला. ते पान स्टिकरांसकट अखंड असेल तरच घ्यावं.

जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली फिकट खूण, बघताना घाई नको. 1965 च्या मालिकेच्या कागदात अशोकस्तंभाची शीर्षं दिसतात. 1979 नंतरच्या मालिकेत जलचिन्हाचे आणि बिनजलचिन्हाचे, दोन्ही कागद भेटतात. म्हणजे एकाच चित्राची दोन वेगळी तिकिटं असू शकतात. आधी काळ्या ताटलीवर तिकीट पालथं ठेवून तिरक्या उजेडात पाहा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. लायटरमधलं द्रव टाकायची पद्धत आहे, पण फोटोग्राव्ह्युअर छपाईची काही शाई त्यात विरघळते, आणि ही तिकिटं त्याच छपाईची. शिवाय ते द्रव पेटतं; स्वयंपाकघरात तर हा उद्योग करूच नये. दाते मोजायला दातेमापक घ्या. मोजणी दोन सेंटिमीटरमधल्या दात्यांची असते.

कोऱ्या तिकिटाला हिंज, म्हणजे पानावर चिकटवायची गोंदाची छोटी कागदी पट्टी, लावला की मागे डाग राहतो आणि भाव पडतो. पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट आत सरकवायची छोटी पिशवी, वापरा. पीव्हीसीचं प्लॅस्टिक मात्र टाळा: पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ते मऊ पडतं, तेलकट सुटतं आणि शाई ओढून घेतं. पावसाळ्यात उलटा त्रास, गोंद दमटतो आणि समोरच्या पानाला चिकटतो. स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) आडवं रचू नका, उभं ठेवा, जवळ सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर महिन्याला पानं उलटा. तपकिरी ठिपके, म्हणजे बुरशी, एका तिकिटावर दिसले की ते ताबडतोब वेगळं काढा. 2017 चं कॉफीच्या वासाचं तिकीट असेल तर त्याला स्वतंत्र बंद माउंट द्यावा. वास उडतो, आणि जाताना शेजाऱ्यांना लागतो.

बीडच्या सीताफळाचं किंवा मराठवाडा केसर आंब्याचं चित्र हवं असेल तर टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' योजना हा मार्ग आहे. 2011 ला ही योजना सुरू झाली. 12 तिकिटांचं पान असतं. आपण दिलेला फोटो तिकिटाला जोडलेल्या टॅबवर येतो, त्यामुळे फोटो आणि तिकीट वेगळं केलं की दोन्हीची गंमत जाते. सीताफळाचा फोटो देताना पार्श्वभूमी फिकट ठेवा आणि फळ फ्रेमभर येऊ द्या. हिरव्या पानांतलं हिरवं सीताफळ इतक्या लहान आकारात नुसता गोळा दिसतं. एक फळ फोडून पांढरा गर दाखवला तरच ते ओळखू येतं. पाकिटावर लावल्यावर काउंटरवर एवढंच म्हणायचं, "साहेब, शिक्का हाताने आणि कोपऱ्यावर मारा." न सांगता तो बरोबर फळावर पडतो.