आमची वाटचाल : संघटनेने माझी बाजू घेतली नाही

व्यवसाय सुरू केला तेव्हा आमची फर्म म्हणजे मी, एक हेल्पर, एक ड्रिल मशीन आणि वायरचं इन्सुलेशन तपासायचा एक जुना मेगर. इलेक्ट्रिकल कंत्राटदारांच्या संघटनेची वर्गणी भरली ती कोटेशनवर सभासद क्रमांक छापता यावा म्हणून. दुसरा काही हेतू नव्हता. बैठकांना जायचो ते चहापुरता. भाषणं लांबत, आणि अजूनही लांबतात.

पहिला दणका तांब्याने दिला. वायरच्या किमतीत मोठा वाटा तांब्याचा, त्याचा भाव ठरतो जागतिक बाजारात, आणि आम्ही मात्र वर्षभराच्या कामाला पॉइंटमागे, म्हणजे दर दिव्या-पंख्या-सॉकेटमागे, एकच दर लिहून मोकळे व्हायचो. एका कामात स्लॅबमधले पाइप टाकून झाले आणि वायर ओढायच्या वेळेपर्यंत भाव असा चढला की मजुरीही सुटेना. संघटनेकडे कराराचा तयार नमुना होता. दरवाढीचं कलम, कोटेशनची मुदत, जादा कामाला लेखी मंजुरी, सगळं त्यात होतं. मी तो उघडूनही पाहिला नव्हता.

खरी ओळख झाली ती भांडणातून. एका ऑफिसचं थ्री-फेज काम देऊन आठ महिने झाले असतील. एके दिवशी तिथले कॉम्प्युटर आणि दिवे एकदम जळाले. मालकांनी आमची रिटेन्शनची, म्हणजे बिलातून हमीपोटी राखून ठेवलेली रक्कम अडकवली. मी छातीठोकपणे सांगितलं, ‘दोष बाहेरून आलेल्या सप्लायचा आहे.’ ते ऐकेनात, तेव्हा मी संघटनेच्या तक्रार समितीकडे गेलो. आपली माणसं आहेत, आपल्यालाच धरून बोलतील, असा हिशेब.

पाहणीला दोन ज्येष्ठ सभासद आले. त्यातल्या एकाने माझ्या हातातून दोन कामं नेली होती. त्याला पाहून पोटात गोळा आला. मुख्य बोर्ड उघडला, तर न्यूट्रलचं, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या वायरचं टर्मिनल काळं पडलेलं, स्क्रू हाताने हलत होता. न्यूट्रल सुटलं की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात, आणि 400 व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे 230 च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज. कॉम्प्युटर आणि दिवे नेमके तिथेच होते. बाहेरचा सप्लाय ठीकच होता.

मग त्यांनी हस्तांतराच्या वेळची टेस्ट शीट मागितली. 500 व्होल्टवर इन्सुलेशन मी तपासलं होतं. रीडिंग 1 मेगओहमच्या बरंच वर होतं, करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही ट्रिप करून पाहिला होता. पण कागदावर एक अक्षर नाही. ‘तपासलं होतं’ याला त्या खोलीत काही किंमत नव्हती. शिवाय इन्सुलेशन चांगलं आहे एवढ्यावरून न्यूट्रल घट्ट आहे हे कळत नाहीच.

अहवाल एका पानाचा होता. दोष आमच्या कामाचा, नुकसानभरपाई आमची. दुरुस्तीनंतर मालकांनी रिटेन्शन सोडावं. आम्ही दोघांनीही ते पाळलं. मालकांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं, ही गोष्ट वेगळी. घरी येऊन मी संघटनेला दोन दिवस शिव्या घातल्या. नंतर डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं, की समितीने मला पाठीशी घातलं असतं तर त्या मालकांनी तो कागद फाडून टाकला असता आणि माझे पैसे कायमचे बुडाले असते.

तेव्हापासून आमच्याकडे स्क्रू नेमक्या जोराने आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर आहे आणि प्रत्येक सर्किटचं रीडिंग शीटवर सहीनिशी लिहिलं जातं. पोरं कुरकुरतात.

बैठकीत अजूनही कोणीतरी उठून म्हणतं, सगळ्यांनी मिळून पॉइंटचा किमान दर बांधा, म्हणजे भाव पाडणारे सरळ येतील. पूर्वी मीही टाळ्या वाजवायचो. स्पर्धकांनी एकत्र बसून दर बांधणं अनेक देशांत बेकायदा आहे, म्हणून अध्यक्ष तो विषय तिथेच थांबवतात. त्याऐवजी खर्च कसा काढायचा ते शिकवतात : हत्यारांची झीज, वाहतूक, फुकट गेलेल्या साइट व्हिजिट, बिल अडकलेल्या महिन्यांचं व्याज. तसा हिशेब मांडला तेव्हा कळलं, भाव पाडणाऱ्यांत मीही होतो.

यंदा तक्रार समितीवर माझं नाव आलं. पहिलीच तक्रार एका नव्या सभासदाची. फोनवर म्हणाला, ‘दादा, आपल्या माणसाला सांभाळून घ्याल ना?’

मी म्हटलं, ‘येताना टेस्ट शीट घेऊन या.’