लेंड्या बघणारी बाई

सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्याही आधी मी माझ्या सशाच्या, ठोंब्याच्या लेंड्या बघते. ट्रेपाशी उकिडवं बसायचं आणि नजर फिरवायची. हरभऱ्याएवढ्या, गोल, पिवळसर तपकिरी, चिमटीत दाबली की गवताचा भुसा व्हावा अशा असल्या की मी निर्धास्त. धडधाकट ससा दिवसाला 200 ते 300 लेंड्या टाकतो, त्यामुळे अभ्यासाला साहित्य कमी पडत नाही. आई फोनवर आधी माझी चौकशी करते आणि मग हळूच विचारते, "आणि त्याचं पोट साफ झालं का गं?" करू दे थट्टा.

हे खूळ मला जन्मजात नव्हतं. ठोंब्या घरी आला तेव्हा सशाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं लहानपणीच्या चित्रातलं. ससा म्हणजे गाजर. म्हणून रोज गाजर, वर वाटीभर दाणेदार खाद्य, आणि गवत आपलं खाली अंथरायला. प्रत्यक्षात गाजर म्हणजे त्याची मिठाई, आणि ताटातला मोठा हिस्सा, साधारण 80 टक्के, सुकं गवत असायला हवं. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात गवत चघळूनच. आणि आतडी हलती राहतात तीही गवताच्या जाड्याभरड्या तंतूंमुळे. सशाला उलटी होऊच शकत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं.

ते सरकलं नाही की काय होतं, हे मला एका रात्रीत कळलं.

संध्याकाळी कोथिंबीर पुढे केली, तर हुंगून त्यानं तोंड फिरवलं. नंतर कोपऱ्यात अंग चोरून बसला, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात वाजवायला लागला. मी खूश! कारण कपाळ चोळलं की तो दात वाजवतो, हे मला ठाऊक होतं. पण तो आवाज अगदी बारीक असतो, लांब कुठेतरी शिवणयंत्र चालल्यासारखा. हा करकर होता, आणि मधूनच पोट जमिनीला दाबत होता. फरक माझ्या कानाला कळला, डोक्यात शिरला नाही. "झोपू दे, सकाळी बघू," म्हणून मी दिवा मालवला.

सकाळी ट्रे कोरा. एकही लेंडी नाही.

डॉक्टर तपासता तपासता म्हणाले, "ससा बारा तास खात नसेल तर सकाळची वाट बघायची नसते." आतडी मंदावली होती, गॅसनं पोट टम्म. आत काही अडकलेलं नाही याची खात्री झाल्यावर वेदनाशामक दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, आणि गवताच्या भुकटीची पेज सिरिंजनं भरवायला शिकवली. दोन दिवस मी ती दर काही तासांनी त्याच्या गालफडात थोडी थोडी सोडत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे एक लेंडी पडली. काळी, वाकडी, मोहरीपेक्षा जरा मोठी. ती बघून मी रडले, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

ससा ओरडून सांगत नाही. तो शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवण्यावरच त्याचा जीव अवलंबून. त्यामुळे चुका माझ्याच व्हायच्या. सुरुवातीला त्याला मांडीवर उताणा धरायचे आणि तो निपचित पडला की वाटायचं, काय विश्वास टाकलाय! ती भीती होती. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहणं. उचलणंही त्याला तसंच वाटतं. धडपडीत मागच्या पायांची लाथ इतकी जोरात बसते की स्वतःचाच कणा मोडू शकतो. आता मी जमिनीवर बसते, तो आपणहून येतो, गुडघ्यावर हनुवटी घासतो. हनुवटीखाली गंधग्रंथी असते. मी त्याच्या मालमत्तेत जमा आहे.

एकदा तो मान वाकवून थेट गुदद्वारापासून काहीतरी खाताना दिसला आणि मी "शी शी" करत टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्याचं जेवण मोडलं. त्या वेगळ्या लेंड्या, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या इवल्या घोसासारख्या. आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणूंनी आंबवलेलं ते अन्न, प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वांनी भरलेलं. ते त्यानं खायलाच हवं. उलट तसे घोस ट्रेमध्ये पडून राहायला लागले की मी दाणे कमी करते.

सिरिंजचा राग मात्र त्यानं बरेच दिवस धरला. मी दिसले की पाठ फिरवायची आणि जाता जाता मागचे पाय माझ्या दिशेनं झटकायचे, धूळ उडवल्यासारखे. मग एका संध्याकाळी खोलीभर पळत सुटला, हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला आणि धप्पकन कुशीवर आडवा झाला. समेट झाला असं मी धरलं.

आज ट्रेमध्ये तीन-चार लेंड्या केसांनी माळेसारख्या ओवलेल्या निघाल्या. केस गळायचे दिवस सुरू झाले तर. गवताचा भारा वाढवला, ब्रश बाहेर काढला, तेवढ्यात साहेब पलंगाखाली. आतून पाय आपटण्याचा आवाज येतोय.