आधी पान चुरगाळा, मग नाव शोधा

नवीन रोप हाती आलं की शास्त्रीय नाव शोधण्याआधी मी पान चुरगाळून हुंगते. कूळ बऱ्याचदा तिथेच कळतं. तुळस, सब्जा, मरवा, पुदिना हे सगळे लॅमिएसी कुळातले. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि वास पानाच्या पृष्ठभागावरच. पानओव्याचं पान भिंगाखाली धरलं की दाट लव दिसते आणि त्या लवेत मध्येमध्ये तेलाचे चमकदार कण. ते नुसत्या स्पर्शाने फुटतात, म्हणून रोपाला हात लागला तरी घमघमाट सुटतो. कढीपत्त्याचं तसं नाही. त्याचं तेल पानाच्या आत, बारीक पोकळ्यांत साठतं. पान उजेडासमोर धरून पाहा, सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. लिंबाच्या आणि बेलाच्या पानांतही तेच, कारण तिघंही रुटेसी कुळातले.

पण पानओवा नाकाला चकवतो. त्याचा वास थेट ओव्याचा, म्हणून दोघं सख्खे वाटतात. ओवा, म्हणजे ट्रॅकिस्पर्मम अमी, कोथिंबीर-जिऱ्याच्या एपिएसी कुळातला; पानओवा, म्हणजे कोलियस अम्बोइनिकस, तुळशीच्या. ओव्याला थायमॉलचा वास, पानओव्याला सहसा कार्व्हाक्रॉलचा. दोन्ही रेणूंत अणू तेच नि तितकेच, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी वेगळ्या जागी बसलेली. दोन परक्या कुळांनी जवळजवळ एकच वास तयार करावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

नावातला दुसरा शब्दही फसवतो. हिंग फेरुला असाफीटिडा आणि जंगली बदाम स्टर्क्युलिया फीटिडा. 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी, पण तेवढ्याने नातं जुळत नाही. हिंगाचा दर्प मुळाच्या चिकातल्या गंधकयुक्त संयुगांचा, जंगली बदामाचा फुलांचा. नातं पहिल्या शब्दात असतं.

तो पहिला शब्द बदलला की लोक वैतागतात. मला मात्र ते आवडतं, कारण त्यामागे नात्याचा नवा शोध असतो. २०१७ साली रोझमेरीला साल्व्हियात, म्हणजे सेजच्या वंशात घेतलं, कारण ती त्याच वंशातली निघाली. तुळशीची गोष्ट वेगळी. ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि ऑसिमम सँक्टम ही दोन्ही नावं लिनियसचीच, पहिलं १७५३चं, दुसरं १७६७चं. नियमाने आधीचं टिकलं. कुंडीवर चिठ्ठी लावताना जुनं नाव कंसात जरूर लिहा. जुन्या पुस्तकांत झाड त्याच नावाने सापडेल.